१९६७चा अल्बम ऐकायचा तो कुठल्या मिक्समध्ये?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठच्या दशकाच्या अखेरचे रॉक अल्बम हेडफोन लावून ऐकायला घेतले, तर गाणारा एका कानात, ड्रम आणि बास दुसऱ्या कानात आणि मधे पोकळी. वर एकेका अल्बमच्या चार-चार आवृत्त्या समोर येतात: मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज), स्टिरिओ (डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आवाज), रिमास्टर (जुनंच मिक्स नव्याने उतरवलेलं), नवा रिमिक्स (मूळ टेपांवरून नव्याने केलेलं मिक्स). यातली खरी कुठली? आणि जुनी रेकॉर्डच घ्यायची झाली तर काय बघून घ्यायची?

मी रेकॉर्डिस्ट. काम टेपवर शिकलो, पुढे संगणकावर आलो. जुन्या टेपा साफ करून उतरवणं आणि मास्टरिंग करणं हा आता माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्यामुळे हे उत्तर ऐकणाऱ्याच्या खुर्चीतून कमी आणि कंट्रोल रूमच्या काचेमागून जास्त येईल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या काळातला अल्बम निवडताना नवा-जुना बघू नका. कुठलं मिक्स, म्हणजे सुटे भरलेले आवाज जुळवून केलेलं शेवटचं रूप, होत असताना बँडची मंडळी स्वतः खोलीत बसून 'हां, आता बरोबर' म्हणाली होती, ते बघा. १९६७पर्यंत हे मिक्स बहुतेक वेळा मोनो निघतं, १९६९मध्ये स्टिरिओ. १९६८चा मात्र एकेक अल्बम हातात घेऊन तपासावा लागतो.

आधी तो एका कानातला गायक. लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत १९६७ साली स्टुडर जे-३७ नावाचं यंत्र होतं. एक इंच रुंदीची टेप आणि तिच्यावर चार ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे भरायच्या चार पट्ट्या. आज घरी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करणारी पोरं नुसत्या ड्रमला दहा ट्रॅक देतात. तिथे अख्ख्या गाण्याला मिळून चार. मग करायचे काय, तर ड्रम, बास आणि ऱ्हिदम गिटार एकत्र वाजवून एक-दोन ट्रॅकवर घ्यायचे, उरलेल्यांवर पियानो, टाळ्या, आणखी एखादी गिटार. चारही भरले की ते सगळे मिळून दुसऱ्या यंत्राच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचं काम चालू करायचं. यालाच बाउन्स म्हणतात. एकदा बाउन्स झाला की ड्रम किती आणि बास किती हे कायमचं ठरलं. उद्या बास जरा वर हवा असं वाटलं, तर त्याच्याबरोबर ड्रमही वर येणार. शिवाय दर बाउन्सला टेपची सळसळ वाढते आणि झांजांची धार थोडी बोथट होते, ते वेगळंच.

आता अशा टेपचं स्टिरिओ मिक्स करायला बसा. सगळा ताल एका ट्रॅकमध्ये घट्ट बांधलेला. तो मधे ठेवला आणि आवाजही मधे ठेवला, तर स्टिरिओ म्हणून दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून ताल एका बाजूला ढकलायचा, आवाज दुसऱ्या बाजूला, आणि काम संपवायचं. दिवाणखान्यात दोन स्पीकर लावून ऐकलं तर दोन्ही आवाज खोलीत मिसळतात, डावा आवाज थोडा उजव्या कानातही जातो, आणि तेवढं खटकत नाही. हेडफोनमध्ये ही मिसळण होत नाही. म्हणजे दोष तुमच्या हेडफोनचा नाही. त्या मिक्सचा हिशेबच मुळात हेडफोन धरून केलेला नव्हता.

आणि तेव्हा स्टिरिओ ऐकत तरी किती जण होते? ब्रिटनमधला पॉप रेकॉर्डचा गिऱ्हाईक म्हणजे शाळा-कॉलेजातली मुलं. त्यांच्याकडे एक स्पीकरवाला, पेटीसारखा बंद होणारा प्लेअर असायचा. बीबीसीचं रेडिओ वन ३० सप्टेंबर १९६७ला सुरू झालं तेही मीडियम वेव्हवर, म्हणजे मोनोच. अमेरिकेत स्टिरिओ रेकॉर्ड मोनोपेक्षा महाग असायची. १९६७च्या मध्याला तिथल्या मोठ्या कंपन्यांनी मोनोची किंमत वाढवून स्टिरिओइतकी केली आणि मग मोनो विकत घेण्याचं कारणच संपलं. वर्षभरात तिथल्या दुकानांतून मोनो जवळजवळ गेलं. ब्रिटनमध्ये ते आणखी थोडं तगलं. दोन देशांमधला हा फरक लक्षात ठेवा, पुढे रेकॉर्ड घेताना उपयोगी पडेल.

बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' हा या सगळ्याचा सर्वात चांगला नमुना. काम २४ नोव्हेंबर १९६६ला सुरू झालं, एप्रिल १९६७पर्यंत चाललं. निर्माता जॉर्ज मार्टिन, रेकॉर्डिस्ट जेफ एमरिक. मोनो मिक्सच्या वेळी बीटल्स हजर असायचे, वाद घालायचे, पुन्हा करा म्हणायचे. स्टिरिओ मिक्स मार्टिन आणि एमरिक यांनी मागाहून, बँड नसताना, थोड्या दिवसांत उरकलं. हे नुसतं ऐकीव समजू नका. दोन्ही मिक्स शेजारी ठेवून ऐकली की लगेच कळतं. 'शीज लीव्हिंग होम' मोनोमध्ये वेगाने चालतं आणि जवळजवळ अर्ध्या स्वराने वर आहे. स्टिरिओमधलं त्यामुळे उगाच रेंगाळल्यासारखं वाटतं. 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स'मध्ये आवाजावरची ती गरगर मोनोत चांगली दाट आहे, स्टिरिओत फिकी. शेवटाकडे शीर्षकगीत पुन्हा येतं तिथे मोनोमध्ये लोकांचा गलका आणि मॅकार्टनीचं ओरडणं जास्त ऐकू येतं. ही सजावट त्यांनी मुद्दाम केलेली होती, आणि स्टिरिओ करताना ती पुन्हा जशीच्या तशी करायला कुणी बसलं नाही. त्या काळी मिक्स म्हणजे हाताने फेडर (आवाज कमीजास्त करायचे सरकते खटके) हलवत एका दमात करायचं काम होतं. आधीच्या मिक्समधल्या हालचाली यंत्राच्या लक्षात राहत नसत.

'अ डे इन द लाइफ'वर थोडं थांबतो, कारण चार ट्रॅकची भिंत तिथे पहिल्यांदा फोडावी लागली. १० फेब्रुवारी १९६७ला ४० वादकांचा वाद्यवृंद आला. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत प्रत्येकाने आपापल्या गतीने चढत जायचं, शेजाऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही, अशी सूचना. शिस्तीत वाढलेल्या वादकांना हे सांगताना मार्टिनला काय वाटलं असेल! हा चढ वेगळ्या टेपवर चार वेळा, चारही ट्रॅकवर घेतला, म्हणजे ऐकताना १६० जण. पण मूळ गाण्याची टेप वेगळी आणि ही वेगळी. दोन्ही एकाच वेळी चालवायच्या कशा? केन टाउन्सेंड नावाच्या तिथल्या तंत्रज्ञाने एका यंत्रावर ५० सायकलचा, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांचा, सूर भरला आणि त्यावर दुसऱ्या यंत्राची मोटर चालवली. दोन यंत्रं बरोबरीने धावली, पण सुरुवात दर वेळी हाताने जुळवावी लागायची आणि ती दर वेळी किंचित इकडेतिकडे व्हायची. असल्या जुळवाजुळवीवर ज्याने कधी हात मारला आहे त्याला त्या रात्रीचं टेन्शन कळेल. याच टाउन्सेंडने आदल्या वर्षी, बीटल्सच्याच 'रिव्हॉल्व्हर' अल्बमच्या वेळी, आवाज आपोआप दुहेरी करण्याची युक्ती काढली, कारण लेननला तेच गाणं पुन्हा तंतोतंत गायचा कंटाळा होता. नंतरच्या असंख्य रेकॉर्डवर जो फिरता, पाण्यातून आल्यासारखा आवाज येतो, त्याची सुरुवात या कंटाळ्यात आहे.

म्हणून 'सार्जंट पेपर'साठी माझा सल्ला: आधी मोनो. २००९च्या मोनो सीडी संचात ते आहे, २०१४च्या मोनो रेकॉर्डवरही आहे. त्यानंतर २०१७चा जाइल्स मार्टिनचा नवा रिमिक्स. जाइल्स हा जॉर्ज मार्टिनचा मुलगा. त्याने बाउन्स होण्याआधीच्या टेपा काढल्या, त्या संगणकात एकमेकांशी जुळवल्या, आणि बापाला जे ट्रॅक एकत्र कोंबावे लागले होते ते सुटे मिळवले. आवाज मधे, ताल मधे, बाकीची सजावट दोन बाजूंना. नमुना म्हणून त्याने जुनं मोनो मिक्स समोर ठेवलं, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. १९६७चं स्टिरिओ तिसऱ्या क्रमांकावर. लाखो लोक तेच ऐकत मोठे झाले आणि त्यांना तेच खरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही; पण नव्याने ऐकणाऱ्याने तिथून सुरू करू नये.

'रिव्हॉल्व्हर'चं २०२२चं रिमिक्स वेगळ्या जातीचं. तिथे अनेक गाण्यांत ताल पहिल्यापासूनच एका ट्रॅकवर घेतलेला, सुटा करायला आधीची टेपच नाही. म्हणून संगणकाला शिकवून एकाच ट्रॅकमधून ड्रम, बास आणि गिटार वेगळे काढले. पीटर जॅक्सनच्या चमूने बीटल्सवरच्या माहितीपटासाठी बनवलेलं हे तंत्र. काम थक्क करणारं आहे. तरी चांगल्या स्पीकरवर झांजांच्या शेपटीकडे कान द्या. तिथे मला अधूनमधून काहीतरी खरवडल्यासारखं वाटतं. मोनो आजही सरस.

जाता जाता: 'रिव्हॉल्व्हर'च्या कव्हरवर बाहेरच्या ज्या मोजक्या वादकांची नावं छापली आहेत, त्यांतले एक अनिल भागवत. 'लव्ह यू टू'वरचा तबला त्यांचा. लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत ते आले होते. ते आडनाव मराठी माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

मोनोची बाजू आणखी पक्की करणारा अल्बम १६ मे १९६६चा, बीच बॉइजचा 'पेट साउंड्स'. बँडचा संगीतकार आणि निर्माता ब्रायन विल्सन याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. तो मोनोतच विचार करायचा, आणि त्याचं एक व्यवहारी कारणही होतं: ऐकणाऱ्याने स्पीकर कुठे ठेवलेत यावर त्याला आपलं गाणं सोडायचं नव्हतं. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये वीसेक वादक एकत्र वाजवायचे, ते मोनो करून दुसऱ्या टेपच्या एका ट्रॅकवर जायचं आणि उरलेल्यांवर गाणी. कॅपिटॉल कंपनीने दुकानात 'ड्युओफोनिक' नावाने जे स्टिरिओ म्हणून विकलं, ते मोनोलाच एका बाजूला जास्त बास आणि दुसऱ्या बाजूला जास्त ट्रेबल देऊन केलेलं सोंग होतं. हे नाव कव्हरवर दिसलं की रेकॉर्ड परत ठेवा. खरं स्टिरिओ मिक्स १९९७मध्ये आलं, मार्क लिनेटने वाद्यांच्या आणि आवाजाच्या टेपा जुळवून केलेलं. छान आहे; कुठलं वाद्य कुठे लपलं होतं ते कळतं. पण 'पेट साउंड्स'मध्ये वाद्यं लपलेली असावीत असाच बेत होता. ॲकॉर्डियन, गिटार आणि ऑर्गन मिळून जो एक चौथाच आवाज होतो, तो स्टिरिओत विस्कटतो.

आता अल्बम तोच, पण अटलांटिकच्या दोन बाजूंना वेगळा, हा प्रकार. 'रिव्हॉल्व्हर' ब्रिटनमध्ये १४ गाण्यांचा, अमेरिकेत ११ गाण्यांचा. लेननची तीन गाणी कॅपिटॉलने आधीच्या एका जोडतोड अल्बमवर खर्चून टाकली होती. दोन्ही देशांत गाण्यांची यादी सारखी असलेला बीटल्सचा पहिला अल्बम 'सार्जंट पेपर'. जिमी हेंड्रिक्सचा 'आर यू एक्सपिरिअन्स्ड' तर आणखी गुंत्याचा. ब्रिटनमध्ये १२ मे १९६७ला निघाला तो फक्त मोनोत. ऑगस्टमध्ये अमेरिकेत निघाला तेव्हा स्टिरिओतही होता, कव्हर वेगळं, आणि 'रेड हाउस'सह तीन गाणी काढून त्यांच्या जागी 'पर्पल हेझ', 'हे जो' आणि 'द विंड क्राइज मेरी' ही सिंगल म्हणून गाजलेली गाणी घातलेली. अमेरिकेत ज्याला हा अल्बम म्हणून माहीत आहे आणि इंग्लंडमध्ये ज्याला माहीत आहे, ते दोघं अर्धवट वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात. पण हेंड्रिक्सच्या बाबतीत माझा मोनोचा आग्रह लवकर सुटतो, कारण त्याला आणि रेकॉर्डिस्ट एडी क्रेमरला स्टिरिओ हे वाजवायचं वाद्य वाटत होतं. डिसेंबर १९६७च्या 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह'चा शेवट ऐका, ड्रम आणि गिटार कसे डोक्याभोवती फिरतात ते. या अल्बमच्या पहिल्या बाजूची मास्टर टेप हेंड्रिक्स लंडनच्या टॅक्सीत विसरला आणि ती बाजू घाईघाईने पुन्हा मिक्स करावी लागली. पुढच्या वर्षीचा 'इलेक्ट्रिक लेडीलँड' बराचसा न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये झाला, तेव्हा त्याच्या हाताशी १२ ट्रॅक आले होते.

ट्रॅकची गोष्ट निघालीच आहे तर ही विसंगती सांगायलाच हवी. ॲबी रोडवर बीटल्स चार ट्रॅकमध्ये कसरत करत होते, तेव्हा न्यूयॉर्कच्या ॲटलांटिक स्टुडिओत रेकॉर्डिस्ट टॉम डाउडकडे १९५०च्या दशकाच्या शेवटापासून आठ ट्रॅकचं यंत्र होतं. मे १९६७मध्ये क्रीम या ब्रिटिश बँडचे लोक तिथे आले आणि व्हिसा संपायच्या आत, मोजक्या दिवसांत, 'डिझराएली गिअर्स' करून परतले. ईएमआयमध्ये नवं यंत्र आलं की आधी तंत्रज्ञ ते महिनोन् महिने तपासायचे, मग स्टुडिओला द्यायचे. बीटल्सनी 'हे जूड' ३१ जुलै १९६८ला ट्रायडंट नावाच्या दुसऱ्याच स्टुडिओत नेऊन केलं ते तिथे आठ ट्रॅक होते म्हणून.

१९६८चा गोंधळ आता. २२ नोव्हेंबर १९६८चा 'द बीटल्स', ज्याला सगळे व्हाइट अल्बम म्हणतात, त्याचं ब्रिटनमध्ये स्वतंत्र मोनो मिक्स निघालं. अमेरिकेत फक्त स्टिरिओ. इथे दोन्ही लक्ष देऊन केलेली आहेत, आणि फरक मजेचे आहेत. 'हेल्टर स्केल्टर' स्टिरिओत विझून पुन्हा पेटतं आणि रिंगोच्या 'बोटांना फोड आलेत' या ओरडण्यावर संपतं. मोनोत ते ओरडणंच नाही, गाणं जवळजवळ मिनिटभर आधी संपतं. मी इथे स्टिरिओ निवडतो. याउलट त्याच सुमाराच्या पुष्कळ ब्रिटिश मोनो रेकॉर्ड म्हणजे स्टिरिओचे दोन चॅनेल एकत्र करून भागवलेलं काम. रोलिंग स्टोन्सच्या 'बेगर्स बँक्वेट'ची मोनो रेकॉर्ड, एखादं गाणं सोडलं तर, अशीच. ही नक्कल ओळखायची तर स्टिरिओ रेकॉर्ड लावून ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा आणि मोनो रेकॉर्डशी ताडून बघा. दोन्ही सारखं वाटलं तर जास्तीचे पैसे मोजू नका. कारण साधं आहे: दोन चॅनेल एकत्र केले की जे मधे आहे ते कडेच्या आवाजांपेक्षा तीनेक डेसिबलने वर येतं. आवाज पुढे, गिटार मागे, असं कुणीही न ठरवलेलं मिक्स तयार होतं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं तेही हेच करतं. एका कानातल्या गायकाचा त्रास त्याने थांबेल. पण १९६७ला केलेलं मोनो मिक्स तुम्हाला त्यातून मिळणार नाही.

स्टिरिओ हा तेव्हा खर्चाचा मुद्दाही होता, हे झोंबीज या ब्रिटिश बँडच्या 'ओडेसी अँड ओरॅकल'वरून कळतं. तोही बराचसा ॲबी रोडवरच, 'सार्जंट पेपर' संपल्या संपल्या, १९६७च्या उन्हाळ्यात सुरू झालेला. सीबीएसने दिलेलं हजार पौंडांचं बजेट मोनोतच संपलं, आणि मग कंपनीला स्टिरिओही हवं झालं. ते पैसे बँडमधल्या रॉड आर्जेंट आणि ख्रिस व्हाइट यांनी गाणी लिहिल्याच्या मानधनातून भरले. 'धिस विल बी अवर इअर'मधली हॉर्न्स तर मोनो मिक्स चालू असतानाच थेट वर वाजवलेली, मल्टिट्रॅक टेपवर ती नव्हतीच. त्यामुळे त्या गाण्याचं खरं स्टिरिओ तेव्हा होऊ शकलं नाही. अल्बम एप्रिल १९६८ला बाहेर आला तोवर बँड मोडला होता, आणि त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत गाजलं ते १९६९मध्ये. कव्हरवरचं ओडेसीचं स्पेलिंग चित्रकाराकडून चुकलं ते तसंच राहिलं.

मोनो-स्टिरिओच्या वादात एक गोष्ट लोक विसरतात: वेग. 'द डोअर्स' हा पहिला अल्बम ४ जानेवारी १९६७चा. तो स्टिरिओत चाळीस वर्षं लोकांनी हळू ऐकला. 'लाइट माय फायर' वाजवलं गेलं होतं ए मायनरमध्ये. सिंगल आणि कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग त्याच सुरात आहे, पण अल्बमवर ते अर्ध्या स्वराच्या आसपास खाली उतरलेलं. मास्टर करताना यंत्राचा वेग चुकला होता. चाळिशीनिमित्त निघालेल्या आवृत्तीत तो सुधारला. 'बेगर्स बँक्वेट'चंही तसंच, तो २००२ला सुधारला. घरात हार्मोनियम असेल तर बसून ताडून बघा. आपल्याकडच्या कानसेनांना स्वर उतरलेला लगेच कळतो, पण रॉक ऐकताना ते कान लावत नाहीत. मला सुधारलेला 'द डोअर्स' जास्त आवडतो. गायक मॉरिसनचा आवाज जरा तरुण होतो. जुन्या वेगातली जडशीळ गंभीरता ज्यांना हवीहवीशी वाटते त्यांनी जुनी ठेवावी, मात्र ती गंभीरता यंत्राने दिलेली आहे हे धरून चालावं.

१९६९मध्ये प्रश्नच उरत नाही. २६ सप्टेंबरचा 'ॲबी रोड' ब्रिटनमध्ये स्टिरिओतच निघाला. आठ ट्रॅक आणि ट्रान्झिस्टरवर चालणारा टीजी-१२३४५ हा नवा कन्सोल, म्हणजे मिक्स करायचं टेबल. व्हॉल्व्हवाल्या जुन्या कन्सोलच्या मानाने आवाज गोल आणि मऊ झाला. एमरिकला आधी तो पचला नव्हता. मे महिन्यातला द हूचा 'टॉमी'ही आठ ट्रॅकचा, लंडनच्या आयबीसी स्टुडिओतला. त्याच्या श्रेयनामावलीत 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव आहे. द हूचा गिटारवादक पीट टाउन्सेंड तेव्हा त्यांचा भक्त झाला होता. बाबांचं त्याच वर्षी ३१ जानेवारीला अहमदनगरजवळ मेहेराझादला निधन झालं. पुण्यात जन्मलेल्या माणसाचं नाव ब्रिटिश रॉक ऑपेराच्या कव्हरवर आलं ते असं. 'टॉमी' मला ऐकायला थोडा कोरडा वाटतो. वाद्यवृंद घालायचा बेत निर्माता किट लँबर्टच्या डोक्यात होता, तो झाला नाही ते उत्तम झालं.

किंग क्रिमसनच्या 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग'ची (ऑक्टोबर १९६९) मूळ स्टिरिओ मास्टर टेप बरीच वर्षं सापडत नव्हती. त्या काळातल्या सीडी नकलेच्या नकलेवरून काढलेल्या आणि तशाच ऐकू येतात. ती २००४च्या किंवा नंतरच्या आवृत्तीतच ऐका. ग्रेटफुल डेडने १९६९चा 'ऑक्सोमोक्सोआ' १९७१ला स्वतःच पुन्हा मिक्स केला. १६ ट्रॅक नवे नवे हातात आले होते आणि सगळे भरायचा मोह त्यांना आवरला नव्हता. दोन वर्षांनी त्यांनी बरंच काही काढून टाकलं. इथे दोन्ही मिक्स बँडचीच, तेव्हा माझा नियम थकतो. मी पहिलं, गच्च भरलेलं ऐकतो.

रेकॉर्ड विकत घेण्याबद्दल. कव्हरवर विश्वास ठेवू नका, लेबलच्या भोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे वाचा. ईएमआयच्या ब्रिटिश रेकॉर्डवर मोनोला एक्सईएक्स आणि स्टिरिओला वायईएक्स अशी अक्षरं असतात. 'सार्जंट पेपर'चा क्रमांक मोनोत पीएमसी ७०२७, स्टिरिओत पीसीएस ७०२७. त्या पट्टीचं महत्त्व किती, तर ऑक्टोबर १९६९चा 'लेड झेपलिन टू' घ्या. पहिली लॅकर (जिच्यावरून रेकॉर्ड दाबायचे साचे बनतात ती मूळ तबकडी) तरुण रॉबर्ट लडविगने कापली, बास आणि ड्रम जेवढे टेपवर होते तेवढे ठेवून. ॲटलांटिक कंपनीच्या प्रमुखाच्या घरच्या साध्या प्लेअरवर सुई उडाली आणि कंपनीने ती बदलून दबकी लॅकर कापून घेतली, असं लडविग सांगतात. कोऱ्या पट्टीत आरएल कोरलेल्या त्या पहिल्या रेकॉर्डसाठी लोक आज वाट्टेल तो भाव देतात. आवाज खरोखर तसा आहे. भाव मात्र तसा नाही असं माझं मत.

आपल्याकडे चोरबाजारात किंवा जुन्या घरांतून ज्या रेकॉर्ड निघतात, त्यांतल्या बऱ्याच ग्रामोफोन कंपनीच्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात दाबलेल्या. आवाजाला त्या वाईट नसतात. त्यांचा खरा शत्रू म्हणजे रेडिओग्रामची जड, झिजलेली सुई. तिने खाच खरवडली की वरचे सूर गेले ते गेले. धुऊन चिकट धूळ जाते, ते परत येत नाहीत. बाजूचं शेवटचं गाणं लावून बघा. आतल्या वर्तुळात खाच दाटीने वळते, तिथे 'स' आणि 'श' फाटत असतील तर दुकानदाराने कितीही 'मिंट आहे साहेब' म्हटलं तरी पुढे चला. मोनो रेकॉर्ड आजच्या स्टिरिओ सुईवर बेलाशक वाजवा, फक्त ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबून. निम्मी खरखर तिथेच मरते.

डमडमवरून आठवलं. या काळातला एक अल्बम अर्धा मुंबईत झाला आहे, आणि रॉकवाले त्याला धरत नाहीत. जॉर्ज हॅरिसनचा 'वंडरवॉल म्युझिक', बीटल्सच्या ॲपल रेकॉर्ड्स कंपनीचा पहिला अल्बम, नोव्हेंबर १९६८चा. जानेवारीत हॅरिसन फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन बसला होता. स्टिरिओ यंत्र तिथे नव्हतं, ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आणवलं. दोन ट्रॅक. म्हणजे बाउन्स नाही, नंतर दुरुस्ती नाही. वादकांनी एकत्र बसून वाजवायचं आणि झालं. शिवकुमार शर्मांचं संतूर यात आहे. खोलीला ध्वनिरोधन नव्हतं, रस्त्यावरच्या टॅक्सी आत ऐकू यायच्या, आणि हॅरिसनला त्याची गंमतच वाटली होती. याच दिवसांत 'द इनर लाइट'चा वाद्यमेळ तिथे झाला. गाणं नंतर लंडनला भरलं. चार ट्रॅकच्या लंडनमधून येऊन दोन ट्रॅकवर काम केलेला अल्बमचा हा मुंबईतला भाग हेडफोनवर नीट ऐकू येतो, कारण वादक बसले होते तसेच तो ऐकवतो.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर अल्बमच्या नावापुढचा कंस वाचायची सवय लावा. '२००९ रिमास्टर' म्हणजे जुनंच मिक्स नव्याने उतरवलेलं. '२०१७ मिक्स' म्हणजे नवं मिक्स. कंसच नसेल तर बहुतेक जुनं स्टिरिओ मिक्स गृहीत धरा. आणि दोन आवृत्त्यांची तुलना करताना आधी आवाजाची पातळी सारखी करा, ॲपमधली 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' चालू करून किंवा हाताने. जी आवृत्ती दीड-दोन डेसिबलने मोठी वाजते ती सगळ्यांनाच चांगली वाटते, मलाही.